रिकामी नळी

४ जानेवारी

बायकोने आज ही वही आणून हातात ठेवली. म्हणाली, "रोज संध्याकाळी जे मला ऐकवता ना, ते हिला ऐकवा. ही मधेच उठून गॅस बघायला जात नाही." ठीक आहे. तिचं चुकलं तरी काय? तीस वर्षं ऐकतेय बिचारी.

तर वहीबाई, ओळख करून घ्या. वय सत्तावन्न. सत्तावीस वर्षं नायट्रिक आम्लाच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होतो, आता तीन वर्षं विद्यापीठात प्राध्यापक. तिकडे धूर काढायचो, इकडे धूर मारायला शिकवतो. हा विनोद सहकाऱ्यांना आवडत नाही. त्यांनी आयुष्यात कधी डोक्यावर हेल्मेट चढवलेलं नाही, त्यांना काय कळणार.

माझा विषय उत्प्रेरक. म्हणजे असा पदार्थ, जो स्वतः न संपता दुसऱ्याचं काम झटपट उरकून देतो. मला हवाय तो गोंदाच्या वाफा जाळून टाकणारा, थोड्या उष्णतेत आणि स्वस्तात. आणि तोही वाटेल त्या गोंदाच्या नव्हे. ताईच्या घरामागे बुटांचा कारखाना आहे, त्याच्या धुराड्यातून येतात त्या वाफा. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच शिवणकाम करून मला शिकवलं. आज तिची छाती भरलेली असते, आणि शिलाई मशीनसमोरची घरातली एकुलती एक मोठी खिडकी नऊ वर्षं बंद आहे. फटींवर कागदी पट्ट्या चिकटवल्यात. भरदुपारी दिवा लावून शिवते. घर बदल म्हटलं की म्हणते, "वास नंतर आला. आधी मी आले. त्याने जावं."

मी तिला शब्द दिलाय की या वर्षात ती खिडकी उघडणार. इथेही लिहून ठेवतो.

९ जानेवारी

जमलं! एकशे ऐंशी अंशांना त्र्याण्णव टक्के! शंभर भाग वाफ आत सोडली तर बाहेर येताना जेमतेम सात उरतात. आणि गोळ्या कसल्या, तर भाजलेल्या मातीच्या, वर मँगनीजचा हात फिरवलेला. बास. लोक यासाठी प्लॅटिनम वापरतात, आणि तरीही त्यांना याच्यापुढे फार जाता येत नाही. मी तर टेबलावर थापच मारली. दचकलेल्या हळूबाईच्या हातातल्या चंचुपात्राचा टवका उडाला.

हळूबाई म्हणजे माझ्याकडे डॉक्टरेट करणारी मुलगी. नाव मी ठेवलंय, तिला माहीत आहे, हसते. इतकी हळू, की एक बाटली तीनदा धुते, मग उजेडात धरून बघते, मग चौथ्यांदा धुते. कारखान्यात असती तर पहिल्याच पाळीत रडली असती. पण पोरगी गुणी आहे. आजच्या आकड्यावर तिचा चेहरा काही फुलला नाही. म्हणाली, "सर, पुन्हा करून बघू या का? नव्या नळीत?"

मी म्हटलं, घोडा बदलायचाच कशाला? ज्या नळीत हे सगळं घडलं ती क्वार्ट्झची नळी माझी आहे, कारखान्यातली. निरोपसमारंभात मला भिंतीवरचं घड्याळ देत होते. मी म्हटलं, घड्याळ ठेवा, माझी नळी द्या. एकोणीस वर्षं तिच्यात काम केलंय. एका टोकाला आता करडी झाक आलीय, तशी माझ्याही कानांवर आलीय. काचेसारखी दिसते पण आगीत घातली तरी हूं की चूं करत नाही.

१५ जानेवारी

आज चहाच्या वेळी हळूबाईने विचारलं, "या नळीत तुम्ही नेमकं काय करायचात, सर?" तिला रस घेताना बघून बरं वाटलं. सगळं सविस्तर सांगितलं. कारखान्यात प्लॅटिनमच्या जाळीवरून अमोनिया जायचा, नऊशे अंशांना. त्या जाळीचे तुकडे मी या नळीत तापवून तपासायचो. इतक्या उष्णतेत प्लॅटिनमसुद्धा थोडं थोडं उडून जातं आणि पुढे जिथे गार होतं तिथे बसतं. वार्षिक बंदच्या काळात आम्ही नळांमध्ये शिरून ती धूळ कुंचल्याने झाडून गोळा करायचो. पिशवीला सील, दोघांच्या सह्या. एकदा माझ्या मिशीतलीसुद्धा झाडून घेतली होती. मी पोट धरून हसलो.

ती नाही हसली. नळीकडे बघत बसली. विनोदाच्या बाबतीत पण हळूच आहे.

२२ जानेवारी

बुटांच्या कारखान्याच्या मालकांना भेटलो. सरळ माणूस. शेजारच्यांच्या तक्रारींनी बेजार झालाय. म्हणाला, तुमचा डबा धुराड्यावर बसवा, मला काय, लोक शिव्या द्यायचे थांबले म्हणजे झालं. उत्प्रेरकाच्या गोळ्या भरलेला पोलादी डबा, आत छोटा हीटर, एकशे ऐंशी अंशांपुरता. मार्चमध्ये चालू.

परत आलो तर हळूबाई दारातच. तोंडावर तीच शंका. मी जरा वैतागलो. म्हटलं, "हे बघ, मला शंका आणून देऊ नकोस. आकडे आणून दे." ती म्हणाली, "आणलेत, सर," आणि नोंदवही पुढे केली. नियमाप्रमाणे प्रत्येक पानावर माझी सही लागते. सहा पानं तुंबली होती. अक्षर इतकं सुबक की नुसतं बघूनच समाधान होतं. एका दमात सहाही सह्या ठोकल्या आणि डब्याचा आराखडा काढायला बसलो.

२७ फेब्रुवारी

डबा तयार झाला. देखणा आहे. लेख लिहून एका शोधपत्रिकेकडेही पाठवला. हळूबाई आज म्हणाली, "सर, डबा चढवायच्या आधी नोंदवही पुन्हा एकदा बघाल का?" मी म्हटलं, सही केलीय ना? म्हणाली, हो. मग झालं तर.

हिला मोठ्या कामाची धास्ती वाटते. वयाने जाईल.

१२ मार्च

आज डबा चालू झाला! ठीक अकरा वाजता मालकांनी कळ दाबली. मी खाली अंगणात उभा, आणि वर दुसऱ्या मजल्यावर ताई. तिने कात्रीने एकेक पट्टी सोडवली. खिडकी फुगून घट्ट बसली होती, तिने खांद्याने धक्का दिला आणि धाडकन उघडली. नऊ वर्षांनी! मी तिथूनच ओरडलो, "ताई, काय म्हणतेस?" तिने हात हलवला आणि हसली. मला आभाळ ठेंगणं झालं. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले.

धुराड्यापाशी लावलेला मापक मात्र वेड्यासारखा वागतोय. वाफ जेमतेम पाचव्या हिश्शाने कमी झाली म्हणतो. हळूबाईने तो आकडा नोंदवहीत उतरवून घेतला. मी म्हटलं, नवीन यंत्र आहे, सरावेल.

१५ मार्च

ताईला फोन केला. "वास?" विचारलं. "छे रे, कसला वास? छान वारा येतो," म्हणाली. मधेच खोकली. विचारलं तर म्हणाली, धूळ आहे, नऊ वर्षांची, झाडतेय. चौकट पुसायला सांगितली.

यंत्रापेक्षा माझा ताईच्या नाकावर जास्त विश्वास आहे. लहानपणी मी चोरून विडी ओढली तर तिला जिन्यातच कळायचं. मापक दुरुस्तीला पाठवला.

१९ मार्च

मापक परत आला. दुकानदाराची चिठ्ठी, यंत्रात दोष नाही. पुन्हा लावला तर पुन्हा तोच आकडा. मी म्हटलं मालकांनी गोंद बदलला असेल. मालक म्हणाले, गोंद तोच आहे. मग गोळ्या ओल्या राहिल्या असतील, आठवड्यात सुकून कामाला लागतील. कारखान्यात असं व्हायचं.

व्हायचं का? आठवत नाही. पण होऊ शकतं.

संध्याकाळी ताईकडे गेलो. खिडकी उघडीच, ती मशीनवर. मला तिथे वास आला, पण आता मला सगळीकडेच तो वास येतो, कपड्यांनाच बसलाय. तिला विचारलं तर नाही म्हणाली. बोलताना धाप लागत होती, मी येणार म्हणून जिना झाडला म्हणाली.

२३ मार्च

सकाळी सात वाजता शेजारणीचा फोन. ताईला श्वास घेता येईना. इस्पितळात नेलं. नाकाला नळी, ओठ निळसर. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हिच्या घराजवळ काही वाफा, रंग, गोंद? मी म्हणालो, होतं, आता नाही. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "आता नाही, तर मग हे काय आहे?"

दुपारी ताई जरा सावरली. मी जवळ बसलो होतो. तिनेच हात धरला.

"छोट्या, रागवू नकोस. वास येत होता रे. पहिल्या दिवसापासून."

मी म्हटलं, अगं मग "नाही" का म्हणालीस?

"तू अंगणात उभा होतास. दहावीचा निकाल घेऊन आला होतास ना, तसा. कसं सांगू?"

तिने खिडकी बंदही केली नाही. मी अचानक आलो आणि बंद दिसली तर मला वाईट वाटेल म्हणून. अकरा दिवस ती माझ्यासाठी तो धूर गिळत बसली, आणि मी फोनवर चौकट पुसायला सांगत होतो. मला माझीच लाज वाटते.

२४ मार्च

ताईची तब्येत स्थिर आहे. इस्पितळातून सरळ प्रयोगशाळेत गेलो. सुट्टी होती, कोणी नव्हतं. रस्ताभर एकच विचार डोक्यात: ताई मला खूश ठेवायला खोटं बोलली. अजून कोण कोण बोलतंय?

हळूबाईची नोंदवही काढली. पहिल्या पानापासून बसलो, ओळ न् ओळ. तिच्या कसल्या खोटेपणाचा शोध घेत होतो, देव जाणे. सापडलं ते हे, तिच्या सुबक अक्षरात:

"२१ जानेवारी. सरांची नळी, रिकामी. गोळ्या नाहीत. १८० अंश. अठ्ठ्याऐंशी टक्के."

त्याखाली: "नवीन नळी. गोळ्या भरलेल्या. १८० अंश. एकोणीस टक्के. तीनदा तपासले."

आणि त्याखाली माझी सही. शेपटीला झोकदार वळण दिलेली.

मी तिथेच कपाळाला हात लावून बसलो. रिकामी नळी अठ्ठ्याऐंशी टक्के वाफ जाळते. माझ्या गोळ्या नव्हे, नळी! ती करडी झाक वयाची नाहीच. एकोणीस वर्षं मी त्या नळीत प्लॅटिनम उडवलं आणि ते गार टोकाला जाऊन बसलं. ज्या धुळीसाठी मी नळांत शिरलो, ज्या धुळीची गोष्ट मी स्वतः त्या मुलीला हसत हसत सांगितली, ती धूळ माझ्या हातात होती. कारखान्यात प्रत्येक नव्या माणसाला मी दम द्यायचो, आधी रिकामं चालवून बघ, मग भर. माझ्या स्वतःच्या नळीला मात्र मी ते कधी लावलं नाही. घरच्या माणसाची झडती कोण घेतं?

२५ मार्च

हळूबाईला बोलावलं. नोंदवही तिच्यापुढे उघडी ठेवली. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं, पण थोडा चढलाच. "का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "सर, तुम्ही म्हणालात शंका नको, आकडे आण. मी आकडे आणले. तुम्ही सही केलीत."

"सही म्हणजे मी वाचलं असं थोडंच आहे?"

"मला वाटलं, तसंच असतं."

ती पुढे म्हणाली की सही झाली तेव्हा तिला वाटलं, सरांना हे माहीत आहे, सत्तावीस वर्षांच्या अनुभवात याला काहीतरी उत्तर असेल, आपल्यालाच कळत नसेल. तरी डबा चढायच्या आधी तिने पुन्हा सांगून बघितलं. त्याच्या पुढे जायचं धाडस झालं नाही, याचं तिला वाईट वाटतं. रडत होती. मी म्हटलं, रडायचं असेल तर मी रडतो, तुझं यात काही चुकलेलं नाही. तिला वाटलं गंमत करतोय. पहिल्यांदाच मी गंमत करत नव्हतो.

नळी काढून तिच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, हिच्यावर रिकामी असं लिहून कपाटात ठेव.

३१ मार्च

लेख मागे घेतला. पत्रात खरं कारण लिहिलं, गोलमाल शब्द वापरले नाहीत. विभागातल्या दोघांनी खांद्यावर हात ठेवला, त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान त्यांना लपवता आलं नाही. असू दे.

मालकांना तोंडावर जाऊन सांगितलं की डबा काम करत नाही, चूक माझी. वाटलं हाकलून देतील. ते म्हणाले, "इथवर येऊन हे सांगणारे तुम्ही पहिलेच. पुढे काय करायचं ते बोला." ताई घरी आली. खिडकीच्या पट्ट्या मी स्वतः पुन्हा चिकटवल्या. ती म्हणाली, जरा वाकड्या लावतोस.

११ मे

पुन्हा उत्साह आलाय, आणि या वेळी तो तपासून घेतलेला आहे. हळूबाईच्या पद्धतीने, नव्या नळीत, आधी रिकामी, मग भरलेली. आमच्या गोळ्या प्रामाणिकपणे काम करतात, पण तीनशे अंशांना. नव्वद टक्के. धुराड्याच्या टोकाशी वारा गार असतो, तिथे तीनशे गाठायचे तर हीटर मोठा लागणार, मालकांना झेपणार नाही.

आता इथे सत्तावीस वर्षं कामाला आली. मी म्हटलं, डबा टोकाला हवाच कशाला? गोंद वाळवायची त्यांची भट्टी आहे, तिच्या तोंडाशी हवा आधीच दोनशे वीसची असते. डबा तिथे बसवू. उरलेले ऐंशी अंश त्याच छोट्या हीटरने होतील. हळूबाईने दोन दिवस हिशेब केला, मग म्हणाली, "सर, बरोबर आहे." एवढ्या दोन शब्दांनी मी दिवसभर शीळ वाजवत होतो. बायकोने विचारलं, काय झालंय? म्हटलं, पास झालो.

२ जुलै

चार दिवसांपूर्वी डबा भट्टीच्या तोंडाशी बसला. मापक नव्वदच्या आसपास दाखवतो. या वेळी ओरडलो नाही. ताईला खिडकी लगेच उघडू नको म्हटलं, चार दिवस मापक बघू. आज पाचव्या दिवशी तिला एक कोरी वही दिली. म्हटलं, खिडकी उघड, आणि रोज चार वेळा लिही: वास आहे की नाही. आहे तर बंद कर. मला बरं वाटावं म्हणून एक अक्षर लिहायचं नाही.

"आणि तुला वाईट वाटलं तर?"

"वाटू दे. मोठा झालोय आता."

"बघू," म्हणाली, आणि वहीला जुन्या कापडाचं कव्हर शिवायला बसली.

१६ जुलै

ताईकडे गेलो. वही मशीनवर तयार होती, पेन वर ठेवलेलं. "घे, सही कर," म्हणाली. मी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. तिने चहा टाकला, तो झाला, गार झाला, मी वाचतच होतो. वास नाही. वास नाही. वास नाही. मग: "मंगळवार, साडेचार. वास आहे. खिडकी बंद केली." पुढे बुधवारी तेच. गुरुवारीही, बरोबर साडेचार.

आधी वाटलं, म्हातारीच्या नाकाचं काय एवढं? जिभेवर आलंच होतं. गिळलं. चपला घातल्या आणि कारखान्यात गेलो. सव्वाचार झाले होते. उभा राहिलो. बरोबर चार पंचवीसला भट्टीवरच्या माणसाने माझ्या हीटरची पिन काढली आणि तिथे चहाची विजेची किटली लावली; ती मंगळवारीच नवी आली होती. दोन्ही एकत्र लावलं तर फ्यूज उडतो म्हणे, आणि चहा तर व्हायलाच हवा. मापक तासातून एकदाच नोंद करतो, त्याला या वीस मिनिटांचा पत्ताच नव्हता. ताईला होता. मालकांनी लगेच किटलीसाठी वेगळी तार ओढून घेतली. चहा करणाऱ्याने मलाही एक पेला दिला. फार छान करतो.

वर आलो. ताईला सांगितलं. ती इतकी हसली की मला वाटलं आता खोकणार. नाही खोकली. पुन्हा पेन पुढे करून म्हणाली, "आता तरी कर सही."

मी म्हटलं, थांब, एक पान राहिलंय. उलटलं. आजचंच होतं. तिच्या थोड्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं:

"सकाळी दहा. खिडकीत बसून सात काजं केली, दिवा न लावता. वास नाही. खरंच नाही, छोट्या."

दोनदा वाचलं. मग सही केली.